वैखरी विचारत नाही

वैखरी विचारायची, हाच तिचा दोष ठरला.

म्हणजे असं की, माणसाचं बोलणं नीट कळलं नाही तर हे यंत्र अंदाज ठोकून मोकळं होत नसे. 'टुण्' असा बारीक आवाज करायचं, आपल्याला समजलेलं वाक्य पडद्यावर दाखवायचं आणि थांबायचं. ज्याचं वाक्य, त्यानं होकार दिला तरच ते मोठ्यानं बोलायचं. बाणेरच्या त्या कंपनीत या थांबण्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी दुसऱ्या कशावरूनच झाली नसतील. एका बाजूला सगळी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला एकटी ऋजुता कानविंदे.

ऋजुता तिथे युजर एक्सपिरियन्स डिझायनर होती. नातेवाइकांना हे कधीच कळलं नाही. ती बटणांना रंग देते असा सगळ्यांचा समज होता, आणि एवढ्याशा कामाला एवढा पगार कोण देतं याचं कौतुकही होतं. तिची आई मात्र शेजारणींना बरोबर सांगायची. "ती लोकांच्या घरी जाऊन बसते आणि माणूस कुठे अडतोय ते बघते. मग ऑफिसात येऊन भांडते."

वैखरीचं शास्त्र तसं समजायला सोपं. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा एक पट्टा जीभ, ओठ, स्वरयंत्र यांना हुकूम सोडत असतो. काही आजारांत स्नायू एकेक करून संपावर जातात, पण हुकूम सुटतच राहतात. बुद्धी शाबूत, बोलायची इच्छा शाबूत, फक्त हुकूम पाळणारं कोणी उरत नाही. त्या पट्ट्यावर, कवटीच्या आत, पोस्टाच्या तिकिटाएवढी पातळ जाळी बसवायची. ती हुकूम टिपते आणि यंत्र त्यावरून शब्द जुळवून उशाशी ठेवलेल्या डबीतून बोलतं, तेही त्या माणसाच्या जुन्या आवाजात.

अडचण इतकीच, की हुकूम स्वच्छ येत नाहीत. थकवा, खोकला, भीती, सगळं त्यात मिसळतं. जेमतेम निम्मी अक्षरं हाती लागतात आणि उरलेली भाषेच्या सवयीवरून भरावी लागतात. 'चहा' आणि 'का' ऐकू आलं की मधे 'झाला' घालायचं. बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. या 'बहुतेक'शीच ऋजुताचं वाकडं होतं.

तिनं महिनोन्महिने रुग्णांच्या घरी बसून पाहिलं होतं. यंत्र चुकलं की रुग्ण ते दुरुस्त करायला जायचा, तोवर घरचे पुढच्या विषयावर गेलेले असायचे. मग रुग्ण दुरुस्त करणंच सोडून द्यायचा. म्हणून तिनं तो थांबा आणला. 'टुण्' वाजलं आणि वाक्य आपलं असलं, तर मनातल्या मनात उजवी मूठ आवळायची. मूठ हलत नसली तरी तिचा हुकूम जाळीला दिसतो. मूठ नाही आवळली, तर वाक्य पुसलं जाणार.

ही कल्पना तिला सुचली आईवरून. कुमुदिनीबाई जिल्हा न्यायालयात लघुलेखक होत्या. साक्षीदार बोलला तेच टिपायचं, त्याला बोलायचं असावं ते नाही, यातच त्यांची सारी नोकरी सरली होती. घरीही तोच खाक्या. आपल्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो, यजमान आग्रह करतो, पुन्हा नको, पुन्हा आग्रह, आणि मग पाहुणा दोन जिलब्या हाणतो. कुमुदिनीबाई मात्र एकदा नको म्हणाल्या की ताटावर हात आडवा धरायच्या. लग्नाच्या पंगतीत यावरून दोन विहिणी रुसल्या होत्या. "एकदाच विचारायचं, मी एकदाच सांगेन," असं त्यांचं म्हणणं. थांबा तयार होण्याआधीच अशाच एका आजारानं त्यांना गाठलं आणि पुढे लेकीच्याच कंपनीची जाळी त्यांच्या डोक्यात बसली.

*

थांब्याचा निकाल एका सोमवारी लागला.

पुष्कर धारप हा वैखरीचा प्रॉडक्ट प्रमुख. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर ऋजुताला बरं पडलं असतं. त्यानं पडद्यावर शेकडो चेहरे दाखवले. त्यातला एकही माणूस अस्तित्वात नव्हता.

"हे आपले आभासी वापरकर्ते," तो म्हणाला. "घराघरांतल्या खऱ्या संभाषणांवर तयार केलेत. मराठी आजी, मराठी काका, कोल्हापूरकडचे वेगळे, नागपूरकडचे वेगळे. नवीन काही केलं की दुपारपर्यंत यांच्यावर तपासून होतं. कुणाच्या घरी जाऊन बसायला नको."

"आणि यांनी काय सांगितलं?" ऋजुतानं विचारलं.

"थांबा नको म्हणतात. थांब्यामुळे बोलणं तुटतं. थांबा काढला की समाधान दुप्पट."

"कुणाचं समाधान?"

"घरच्यांचं. आणि रुग्णांचंही. आपण काही खऱ्या रुग्णांवरही चाचणी घेतली, ऋजुता. थांबा काढून मग त्यांनाच विचारलं."

"कशातून विचारलंत?"

पुष्करला प्रश्न कळला नाही.

"त्यांचं उत्तर कशातून आलं, पुष्कर? वैखरीतूनच ना? म्हणजे वैखरीला विचारलंत की वैखरी कशी आहे!"

खोलीत कुणीतरी हसलं. चांगला विनोद म्हणूनच हसलं. पुष्करनंही हसून मान डोलावली आणि पुढचा, कंपनीच्या नव्या रचनेचा तक्ता लावला. त्या तक्त्यात डिझायनरांचा विभाग नव्हता. विभागातल्या सगळ्यांना निरोपाचा केक कापायला बोलावलं, तेव्हा ऋजुता जिना उतरून कधीच बाहेर पडली होती.

*

नवी वैखरी आपोआप सगळ्या डब्यांत उतरली, आणि खोटं कशाला सांगायचं, पहिल्या दिवशी ऋजुताला आनंदच झाला.

"ऋजू, पडदा सरकव गं जरा. ऊन डोळ्यांवर येतंय."

आईचा आवाज. सलग, मधे न अडखळता, नोकरीत असतानाचा. ऋजुता पडदा सरकवायचं विसरून तिथेच रडत उभी राहिली. नाशिकहून भाऊ श्रीरंग आणि वहिनी वृषाली आली, तेव्हा आई नातवंडांची चौकशी करत होती, हवेबद्दल बोलत होती, चक्क थट्टा करत होती.

"तू या यंत्राला नावं ठेवत होतीस ना?" श्रीरंग म्हणाला. "अगं, आई परत आली आपली."

ऋजुतानंही मग स्वतःला समजावलं, की आपलाच अहंकार दुखावला असेल.

पंधरवड्यानं ती एका मुलाखतीहून घरी आली, तर आईचे केस कापलेले होते. कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत आले होते. केस सोडले तर आईनं कधी दुसरं काही मिरवलं नव्हतं. खाट धरल्यावरही रोज वेणी घालून घ्यायची.

"मी आधी विचारलं हो ताई," मदतीला आलेली वृषाली घाबरून म्हणाली. "धुवायला, वाळवायला फार त्रास होतो त्यांना, म्हणून म्हटलं, कापूया का? त्या म्हणाल्या, 'काप बाई, तुम्हालाच कशाला त्रास.' अगदी अस्संच म्हणाल्या."

ऋजुता खाटेशी बसली. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते हल्ली दिवसभर वाहायचं. पापण्यांवरचा ताबा सुटला होता आणि त्या आपल्या आपण मिटत, आपल्या आपण उघडत.

"आई, तूच सांगितलंस कापायला?"

"हो गं. हलकं वाटतंय."

"नक्की?"

"किती विचारशील? एकदा सांगितलं ना."

हे वाक्य आईचंच होतं. शंभर टक्के आईचं. तिच्या जुन्या बोलण्यावरून ते यंत्रानं उचललंय की तिनं आत्ता उच्चारलंय, हे ऋजुताला काही केल्या ठरवता येईना. तिनं वेगळा मार्ग काढला.

"आई, आज मला कशाला तरी नको म्हण. कशालाही म्हण."

डबी क्षणभरही थांबली नाही. "नको गं काही. सगळं आहे मला. तू जेवलीस का?" शब्द नकोचा होता, पण त्यानं नाकारलं काहीच नव्हतं.

*

फरहीन मुजावर अजून कंपनीत होती. हुकमांवरून शब्द जुळवणारा भाग तिच्या हाताखालचा. ऋजुतानं तिला बाणेरच्या टेकडीखाली चहाच्या टपरीवर गाठलं आणि केसांची हकिगत सांगितली. फरहीननं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"'नको'चा घोळ आहे, ताई. मला आधीच वास आला होता."

"नीट सांग."

"आभासी माणसं कशावर तयार केली? घरांतल्या बोलण्यावर. आपल्या घरांत म्हातारी माणसं नको म्हणतात तेव्हा पुढे काय होतं? 'नको गं... बरं, वाढ थोडं.' 'नको रे, कशाला खर्च... बरं, आण.' हजारो घरांत हेच. यंत्रानं हिशेब केला, की मोठ्या माणसाचा नको म्हणजे शिष्टाचार आणि खरं उत्तर पुढचं. म्हणून पुढचं तेवढं बोलायचं. पाल्हाळ वाचतं आणि घरचे खूश."

"आणि ज्याला खरंच नको असेल?"

"स्वच्छ ऐकू आला तर बोलतं की. पण अर्धवट आला, तर..." फरहीननं हात हवेत नुसताच उलटा केला. "तुमची आई थकलेली. त्यांचं सगळंच अर्धवट येतं."

"म्हणजे एरवी ती तीच असते?"

"बऱ्याचदा त्याच असतात. तेच तर वाईट आहे. त्या कधी असतात आणि कधी नसतात, ते मला इथे बसूनही दिसत नाही. थांबा होता तेव्हा दिसायचं."

"मग जुनी वैखरी घाल तिच्या डबीत परत."

"घातली असती, तुमची शपथ. पण जुनीला मूठ ओळखायला शिकवावं लागतं, आणि शिकवताना रुग्णानं पापणी मिटून सांगावं लागतं की आत्ता आवळली म्हणून. आधीची शिकवणी नव्या वैखरीनं पुसून टाकली. आता आईंच्या पापण्या..."

ऋजुतानं तक्रारही करून पाहिली. कंपनी नवीन असली तरी शिष्टाचाराला चोख होती. ग्राहक विभागाची एक गोड मुलगी व्हिडिओवर आली आणि तिनं, नियमाप्रमाणे, थेट रुग्णालाच विचारलं.

"आजी, वैखरीबद्दल तुम्ही समाधानी आहात ना?"

"हो बाळा, खूप. माझ्या लेकीनंच केलंय ना ते."

मुलीनं ऋजुताकडे पाहिलं, आजारी माणसाच्या घरच्यांकडे पाहतात तसं, समजूतदारपणे. तक्रार निकाली निघाली.

*

थंडी संपता संपता आईला श्वास पुरेना.

डॉक्टर गुंजाळांनी भावाबहिणीला बाहेर बोलावलं. छातीचे स्नायू थकले होते. आता गळ्याला छिद्र पाडून कायमचं श्वसनयंत्र लावायचं, की औषधांनी त्रास कमी ठेवत शेवटाची वाट पाहायची, हे ठरवायला हवं होतं. लावलं तर वर्षं काढता येतील, याच खाटेवर. नाही लावलं तर आठवडे.

"निर्णय त्यांचा आहे," डॉक्टर म्हणाले. "आणि सुदैवानं त्या बोलू शकतात. आता वैखरीचा आवाज रुग्णाचाच धरतात."

आजाराचं निदान झालं त्याच संध्याकाळी ऋजुतानं आईला हा प्रश्न विचारला होता. आई तेव्हा स्वतःच्या तोंडानं बोलत होती, जीभ थोडी जड झालेली, एवढंच. "आत्ता कसं सांगू?" आई म्हणाली होती. "माणूस काठावर बसून एक म्हणतो आणि पाण्यात पडल्यावर दुसरं. वेळ आली की विचार. एकदाच विचार. मी सांगेन." तो थांबा ऋजुतानं सगळ्यांसाठी केला हे खरं, पण करताना तिच्या डोळ्यांपुढे हा एकच प्रश्न होता.

वेळ आली. डॉक्टरांनी खाटेशी खुर्ची ओढून, सावकाश, सगळं समजावून सांगितलं. वृषालीनं आईचा हात धरला होता. श्रीरंग पायाशी उभा होता.

"तर कुमुदिनीताई, तुमची काय इच्छा आहे? गळ्यातून नळी बसवायची का?"

"चालेल, डॉक्टर," डबीतून आवाज आला. "तुम्ही म्हणाल तसं."

श्रीरंग तोंड झाकून हमसून रडायला लागला. सुटकेचं रडू होतं ते. डॉक्टर उठले. ऋजुता आडवी आली.

"थांबा. ती असं बोलत नाही. 'तुम्ही म्हणाल तसं' हे माझ्या आईनं जन्मात कुणाला म्हटलेलं नाही."

"ऋजू, पुरे कर," श्रीरंग म्हणाला.

"दादा, ती नको म्हणाली असेल. ते यंत्र नकोचं चालेल करतं. केसांचं आठवतंय ना?"

"आणि ती खरंच चालेल म्हणाली असेल तर?" श्रीरंगचा आवाज चढला. "तिला जगायचं असेल तर? तुझं कंपनीशी भांडण झालं म्हणून आईचा श्वास बंद करू का मी?"

तोच प्रश्न ऋजुतालाही आतून खात होता. पाण्यात पडल्यावर माणूस दुसरं म्हणतो, हे आईनंच सांगितलं होतं. ती घाबरली असेल. तिला नातवंडं मोठी झालेली बघायची असतील. हो म्हणणारी आई आणि नको म्हणणारी आई, दोघींचा आवाज आता एकच होता. ती खाटेवर वाकली.

"आई, मी विचारतेय. ऋजू. नळी हवी का तुला?"

"हो गं. रडू नकोस. होईल सगळं नीट."

आईच्या पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. त्यांचा अर्थ लावायचा म्हटलं तर काहीही लावता आला असता. नळी नाकारायची तर आईच्या आवाजाला खोटं ठरवायचं, आणि तो खरा निघाला असता तर ऋजुता आयुष्यभर कुणाला तोंड दाखवणार होती? डॉक्टर कागद घेऊन आले. श्रीरंगनं सही केली आणि कागद बहिणीपुढे केला. ऋजुतानंही केली.

*

शस्त्रक्रिया उत्तम झाली. आई घरी आली, पण येताना दुसरं यंत्रही सोबत घेऊन. ते दिवसभर फुस् फुस् करत राही. उन्हाळा गेला, पावसाळा लागला. ऋजुताला एका बँकेच्या ॲपवर काम मिळालं, घरूनच करायचं. बटणांना रंग द्यायचं काम, असं आता ती स्वतःच म्हणायची.

आईचं बोलणं चालूच होतं. खरं तर वाढलं होतं. श्रीरंग दर रविवारी येई, तासभर गप्पा मारी आणि हसतमुखानं परत जाई. शेजारच्या बायका म्हणायच्या, काय जिद्द आहे हो कुमुदिनीबाईंची. पुष्करचाही एकदा निरोप आला. कंपनीच्या जाहिरातीत आई चालतील का, म्हणून. त्याचं उत्तर ऋजुतानं दिलं नाही. मग त्यानं नियमाप्रमाणे आईलाच विचारलं, आणि आई "चालेल" म्हणाली.

त्या दिवशी दुपारी ऋजुता आईच्या खाटेशी वरण-भात खात बसली होती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

"आई, बरी आहेस ना?" तिनं सवयीनं विचारलं.

"मजेत आहे मी. तू काळजी करू नकोस."

ऋजुताचा घास हातातच राहिला. तिनं समोरच्या रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मग चमचा उचलला आणि वाटीच्या कडेवर हलकेच मारला.

टुण्.

अगदी तसाच आवाज. आईच्या चेहऱ्यावर काही उमटायची सोय नव्हती, पण श्वसनयंत्राची लय क्षणभर चुकल्यासारखी ऋजुताला वाटली. वाटलं असेल. आईला नियम ठाऊक होता. वाक्य आपलं असेल तर मूठ आवळायची, नसेल तर काहीच करायचं नाही, ते पुसलं जाईल. मूठ ओळखणारं आता त्या डबीत काहीच उरलं नव्हतं. तरी ऋजुतानं ताट बाजूला ठेवलं, आईची उजवी मूठ दोन्ही हातांत घेतली आणि श्वास रोखून ती थांबली.

मूठ गार होती. ती हलली नाही. हलणारच नव्हती. ऋजुता थांबून राहिली, डोळे आईच्या डोळ्यांवर, आणि बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदाच त्या खोलीत दोघीच आहेत असं तिला वाटायला लागलं.

"अशी गप्प का बसलीस?" डबी आईच्या आवाजात म्हणाली. "बोल ना काहीतरी."